धान्य वरून येतं, भाजी गावातून

शाळेचा चार्ज घेताना यादीवर दोघांच्या सह्या होतात. कपाटं, टेबलं, फळे, नकाशे, ताणकाटा, पातेली, ताटं आणि नोंदवह्यांचा गठ्ठा. जून २०२३ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडच्या आमच्या दोनशिक्षकी शाळेचा प्रभार माझ्याकडे आला, तेव्हा सगळं मोजून घेतलं. यादीत एक गोष्ट नव्हती, ती म्हणजे किराणा दुकानदाराची उधारी. ती त्यांनी स्वतःच, अगदी अदबीने, वहीचं पान उघडून सांगितली. "आधीच्या गुरुजींची नाही बरं का मॅडम. शाळेची आहे. कांदा, बटाटा, लसूण, दोनदा तेल. तुम्ही काही घाई करू नका, फक्त माहीत असावं."

तोवर पोषण आहार म्हणजे दुपारी मुलांना खिचडी वाढणं आणि वहीत संख्या लिहिणं, एवढंच माझं ज्ञान. वर्गशिक्षिका म्हणून तेवढ्यावर भागत होतं. प्रभार आल्यावर कळलं की या योजनेच्या एका ताटात दोन वेगळ्या वाटांनी आलेल्या वस्तू असतात, आणि दोन्ही वाटांचा स्वभाव वेगळा.

तांदूळ भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातून येतो. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम. डाळ-कडधान्य २० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम आणि त्याबरोबर जिरं, मोहरी, हळद, तिखट, मीठ, मसाला हा 'धान्यादी माल' ग्रामीण भागात ठेकेदाराची गाडी शाळेच्या दारात उतरवते. या सगळ्याचा भाव, दर्जा, पुरवठादार वरच ठरलेला. आमच्या हाती फक्त काटा आणि सही. मात्र ५० ग्रॅम भाजी आणि ते सगळं शिजवायचं इंधन शाळेने गावात घ्यायचं. त्यासाठी दर मुलामागे, दर दिवसामागे पैसे मिळतात. त्या जूनमध्ये एकूण आहार खर्चाचा दर प्राथमिकसाठी ५ रुपये ४५ पैसे होता, आणि त्यातले इंधन-भाजीपाल्याचे म्हणून शाळेकडे यायचे ते दोन रुपयांच्या थोडे वर.

हिशेब मांडला तर असा बसतो. आमचा पट साठच्या आतबाहेर. म्हणजे दिवसाला सव्वाशे रुपये, बावीस दिवसांच्या महिन्याला पावणेतीन हजार. तेव्हा सिलिंडर अकराशेच्या पुढे होता आणि साठ मुलांची खिचडी रोज गॅसवर करायची तर महिन्याला जवळजवळ दोन लागतात. राहिले साडेपाचशे. दिवसाला पंचवीस रुपये, आणि नियमाप्रमाणे भाजी हवी तीन किलो. हे गणित मी चौथीच्या मुलांना शाब्दिक उदाहरण म्हणून घातलं असतं तर त्यांनी उत्तर काढून "मॅडम, उदाहरण चुकलंय" म्हटलं असतं.

म्हणून आमच्या किचनशेडमध्ये गॅसची शेगडी असूनही चूल होती. स्वयंपाक करणाऱ्या दोन्ही मावशी येताना डोक्यावर मोळी घेऊन यायच्या. मोळीचे पैसे कोणी धरत नव्हतं. इंधन वाचलं की भाजीला चार पैसे उरायचे, आणि तरीही उधारी व्हायची, कारण पैसे महिन्याच्या महिन्याला येत नाहीत. दोन-तीन महिन्यांचे एकदम येतात. कधी दिवाळी उलटते. मुलांना मात्र दुपारी साडेबाराला भूक लागते.

मी स्वतः तांदळाच्या पिशवीच्या पिढीतली. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची ही योजना सुरू झाली तेव्हा शिजवलेलं अन्न नव्हतं. महिन्यात ८० टक्के हजेरी भरली की तीन किलो तांदूळ घरी न्यायचा. त्या दिवशी दप्तराऐवजी पिशवी घेऊन जाणारी पोरं मला अजून दिसतात. नंतर २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने शाळेत शिजवलेलं जेवणच द्या असा आदेश दिला आणि हळूहळू सगळीकडे चुली पेटल्या. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तो मुलांचा हक्कच झाला: प्राथमिकच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. २०२१ मध्ये नाव बदलून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण झालं. गावात अजून सगळे 'खिचडी'च म्हणतात आणि कार्यालयात 'शापोआ', म्हणजे शालेय पोषण आहार.

पहिली गाडी आली ती पावसात. ड्रायव्हरला पुढच्या तीन शाळा उरकायच्या होत्या. "मॅडम, पोती सीलबंद आहेत, सही करा." आधीच्या गुरुजींनी जाताना एकच सल्ला दिला होता: काट्याशिवाय सही नाही. मग भर पावसात व्हरांड्याच्या आढ्याला ताणकाटा टांगला. पन्नास किलोच्या पोत्यात कधी किलो, कधी दोन किलो कमी भरतं. बारदानाचं वजन वेगळंच. ड्रायव्हर बिचारा पगारी माणूस, त्याच्याशी भांडून उपयोग नाही. पावतीवर प्रत्यक्ष वजन लिहायचं आणि मगच सही करायची. एकदा तसं लिहिलं की पुढच्या खेपेला पोती बरी येतात, हा माझा अनुभव. रिकाम्या बारदानाचाही हिशेब द्यावा लागतो. ते विकून पैसे भरायचे असतात. उंदरांनी कुरतडलेलं बारदान कोणता व्यापारी विकत घेतो, याचं उत्तर कुठल्याच पत्रात नसतं.

त्या तांदळाने मला पहिलं संकट दाखवलं. एक आजी मूठभर तांदूळ पदरात बांधून थेट वर्गात आल्या. नातवाच्या शाळेत प्लॅस्टिकचा तांदूळ आलाय, असं त्यांचं म्हणणं. पाण्यात टाकला तर काही दाणे तरंगतात, रंगानेही पिवळट. गावभर तीच चर्चा. मोबाइलवर व्हिडिओही फिरत होता. खरी गोष्ट अशी की तो पोषणयुक्त तांदूळ होता. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून यंत्राने पुन्हा दाण्यासारखे दाणे पाडतात आणि शंभर किलो साध्या तांदळात ते एक किलो मिसळतात. ते दाणे दिसायला निराळे, हलके, म्हणून काही तरंगतात. आणि मावशींची जुनी सवय अशी की तांदूळ धुताना तरंगणारं सगळं ओतून द्यायचं. म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप, तेच मोरीत चाललं होतं.

पालकसभा घेतली. ते दाणे वेचून सगळ्यांसमोर शिजवले, बोटाने चुरडून दाखवले, मी स्वतः खाल्ले. बऱ्याच जणींना पटलं. आजींना पटलं की नाही कोण जाणे. त्या म्हणाल्या, "आमच्या काळभाताला असलं काही घालावं लागत नाही." आता यावर काय बोलणार? आमचा हा भाग भाताचा. काळभात, जिरवेल, रायभोग या वाणांची नावं इथे घराघरात. जुलैमध्ये आवणीला शाळा निम्मी रिकामी होते ती याच भातासाठी. आणि त्याच मुलांच्या ताटात कुठल्या तरी लांबच्या राज्यातल्या गिरणीतून गोदामात आणि गोदामातून आमच्याकडे आलेला तांदूळ. चवीपुरत्या आजी शंभर टक्के बरोबर होत्या. पण पाचवीतल्या काही मुलींचे फिकट पडलेले डोळे पाहिले की लोहाचे ते दाणे मोरीत जाऊ नयेत एवढं मला वाटतं. तांदूळ आता एकदाच, हलक्या हाताने धुतला जातो, आणि धुताना मी शक्यतो जवळ उभी असते.

भाजीचं मात्र सगळं आमच्या हातात होतं, आणि तिथेच मला काहीतरी करता येईल असं वाटलं.

आधीची पद्धत सोपी होती. राजूरच्या आठवडे बाजारातून शिक्षक येता-येता बटाटा, कांदा, टोमॅटो घेऊन यायचे. टिकतं तेच घ्यायचं. बटाटा ही भाजी आहे की पोट भरायची युक्ती, हा वाद मी घालत नाही. पण रोज पिवळ्या खिचडीत चार बटाट्याच्या फोडी म्हणजे ५० ग्रॅम भाजी नव्हे. त्यात त्या जुलैमध्ये टोमॅटोने शंभरी ओलांडली. आम्ही टोमॅटो बंद करून चिंचेचा कोळ घालू लागलो. चिंच शाळेच्या मागेच आहे. मोठ्या मावशी म्हणाल्या, "आधीच घालायला पाहिजे होता, टमाट्याची सवय सरकारने लावली का?" तेव्हापासून टोमॅटो स्वस्त झाला तरी चिंच राहिली.

गावात विहिरीच्या पाण्यावर भाजी करणारी मोजकी घरं आहेत. मेथी, पालक, वांगी, गवार, दुधी, हिवाळ्यात वाल आणि घेवड्याच्या शेंगा. त्यांची भाजी जीपने राजूरला जाते, तिथे व्यापारी पाहिजे तो भाव करतो, जीपचं भाडं वेगळं. त्यांच्या घरापासून शाळा हाकेच्या अंतरावर, आणि शाळेची भाजी राजूरहून यायची! मी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय काढला. अध्यक्ष स्वतः शेतकरी. ते आधी हसले. म्हणाले, "मॅडम, तीन किलोचं गिऱ्हाईक म्हणजे काय गिऱ्हाईक आहे का?" पण त्यांच्या घरच्या ताई मागे बसल्या होत्या. त्यांनी हिशेब लगेच धरला. तीन किलो, पण रोज. पंधरा किलो आठवड्याला, दारातच, भाडं नाही, तोलाईत मार नाही. दोन घरांनी मिळून द्यायचं ठरलं. भाव सरसकट एकच, हंगामभर. भाजी कुठली ते त्या ठरवणार, पण आठवड्यात दोनदा पालेभाजी हवीच.

हा एकच भाव ठरवणं मला फार महत्त्वाचं वाटतं. बाजारभावाने घ्यायचं म्हटलं की रोज घासाघीस आणि रोज संशय. एकच भाव असला की मेथी मातीमोल होते तेव्हा त्यांचं भलं होतं, आणि गवार महागते तेव्हा आमचं. दोन्ही बाजूंना आपण थोडे फसलो आणि थोडे जिंकलो असं वाटतं, आणि व्यवहार टिकतो.

अडचण पैशांची. दुकानदार थांबतो, कारण त्याचं भांडवल आहे. भाजीवाल्या ताईंना मुलीच्या वह्या आणायच्या असतात. मी आणि माझे सहकारी सर मिळून महिन्याच्या शेवटी आमच्या पगारातून त्यांचे पैसे चुकते करतो आणि अनुदान आलं की वळते करून घेतो. हे नियमात बसतं का, मला विचारू नका. तालुक्यात मी ज्यांच्या-ज्यांच्याशी बोलले, ते कमी-अधिक फरकाने हेच करतात. कुणी पगारातून, कुणी दुकानदाराच्या भरवशावर. पुरवठादाराच्या गाडीचं बिल वेळेवर निघतं की नाही मला माहीत नाही, पण गावातल्या पालेभाजीचं निघत नाही हे मी सांगू शकते. योजनेच्या कागदावर स्थानिक पिकांना, बचत गटांना, शेतकरी उत्पादक कंपन्यांना प्रोत्साहन द्या असं लिहिलेलं आहे. चांगलंच आहे. पण तीन महिने उशिरा पैसे देणारं गिऱ्हाईक गरीब शेतकऱ्याला परवडत नाही, एवढी साधी गोष्ट त्या कागदात आली असती तर बरं झालं असतं.

दुसरी अडचण पावतीची. मेथीच्या जुडीला बिल कोण देतो? आम्ही छापील व्हाउचरवर तारीख, भाजी, वजन, भाव, रक्कम लिहून सही किंवा अंगठा घेतो आणि समितीच्या दोन सदस्यांच्या सह्या. तपासणीला आलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, जीएसटीचं बिल कुठे आहे? मी म्हटलं, ताज्या भाजीला जीएसटी नसतो. ते म्हणाले, पण दुकानाचा शिक्का तरी हवा. वांग्याच्या वाफ्याला शिक्का कुठून आणायचा! शेवटी समितीचा ठराव, दोन्ही घरांचे सातबाराचे उतारे आणि वजनाची वही अशी फाईल करून ठेवली. त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. मी नव्याने प्रभार घेणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगते की भाजी गावात घ्यायची तर आधी ठराव करा, मग मेथी निवडा.

पावसाळ्यात इथे भाजीचे वांधे असतात. शेतं भाताखाली, वाफे पाण्याखाली. पण रान हिरवं असतं. कुर्डू, तांदुळजा, भारंगी, शेवग्याचा कोवळा पाला. मावशींना रानातलं सगळं माहीत. मी सुरुवातीला घाबरले. २०१३ च्या जुलैमध्ये बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावच्या शाळेत कीटकनाशक मिसळलेलं अन्न खाऊन २३ मुलं गेली. त्यानंतर प्रत्येक शिक्षकाच्या मनात ताट वाढताना एक धाक असतो. मुलांच्या आधी शिक्षकाने चव घ्यायची, चवीच्या वहीत सही करायची आणि अन्नाचा नमुना झाकून ठेवायचा, हे नियम मला कधी जाचक वाटले नाहीत. रानभाजीचं असं ठरवलं की अळिंबी अजिबात नाही, अनोळखी पाला नाही, आणि सगळ्या घरांत खाल्ल्या जातात त्याच दोन-तीन भाज्या, त्याही डाळीत शिजवून. तांदुळज्याची डाळ मुलांनी चाटूनपुसून खाल्ली. कुर्डू परत आली. मुलांचीही मतं असतात.

नोव्हेंबर २०२३ मध्ये अंडी आली. म्हणजे शासन निर्णय आला: आठवड्यातून एकदा, बुधवारी किंवा शुक्रवारी, अंडं. न खाणाऱ्यांना केळं किंवा स्थानिक फळ. अंड्याला पाच रुपये धरलेले. थंडीत अंड्याचा भाव चढतो हे कोंबडीलाही ठाऊक आहे. ट्रेचं गिऱ्हाईक म्हणून संगमनेरकडून येणारा पिकअपवाला थोडा कमी लावायचा, तरी पाचात बसायचं नाही. गावठी अंडं घ्यावं तर ते दुप्पट. तरीही सांगते, या योजनेत मी पाहिलेला सगळ्यात चांगला दिवस अंड्याचा. बुधवारची हजेरी वाढली. नारायणगावकडे मजुरीला गेलेल्या एका कुटुंबाने पोराला आजीकडे शाळेसाठी मागे ठेवलं, त्याचं एक कारण अंडं होतं असं ती आजी उघड म्हणायची. गावात आधी कुजबुज झाली की पोरांना शाळेत अंडी खायला घालतात. माळकरी घरांतल्या मुलांना केळी दिली, कुणी कुणाच्या ताटात डोकावलं नाही, आणि विषय मिटला. मोठी माणसं उगाच भितात.

मग जून २०२४ मध्ये तीन पदार्थांच्या ताटाचा निर्णय आला. भाताचा एक प्रकार, मोड आलेलं कडधान्य आणि गोड काहीतरी, जसं खीर किंवा नाचणी सत्त्व. पंधरा पाककृतींचा तक्ता भिंतीवर लावला. वाचून माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. मूग-शेवगा वरण-भात, मसालेभात, मटकीची उसळ. मावशींनी तक्ता शांतपणे ऐकून घेतला आणि धाकट्या मावशी म्हणाल्या, "मॅडम, पातेली किती आहेत ते त्यांना माहीत आहे का?"

मावशींचं मानधन महिन्याला २५०० रुपये, तेही वर्षातले दहा महिने. २०२३ मध्ये ते वाढून एवढं झालं, त्याआधी १५०० होतं. कांदा लागणीला गेलं तर रोज तीनशेच्या पुढे सुटतो. त्या सकाळी दहाला येतात, भांडी घासून तीनला जातात. त्यांना तीन पदार्थ करा म्हणताना माझी जीभ अडखळत होती. पण त्यांनी केलं. कडधान्याला मोड आणायचं काम त्या आदल्या दिवशी घरी नेऊन करायच्या, कारण शाळेत उंदीर. साखर वरून येत नव्हती. थोडे दिवस ती लोकवर्गणीतून आणली. २८ जानेवारी २०२५ च्या निर्णयाने अंडी आणि गोड पदार्थ ऐच्छिक झाले. त्यासाठी वेगळा निधी नाही, लोकसहभागातून करायचं असेल तर करा. लोकसहभाग हा शब्द ऐकायला छान आहे. शहराजवळच्या शाळेला कंपनी सापडते. आमच्या गावात लोक म्हणजे तेच पालक, ज्यांच्या पोरांना आहार मिळावा म्हणून ही योजना आहे. अंडी थांबली. हा निर्णय मला आजही पटलेला नाही.

गोडाचा प्रश्न मात्र गावाने सोडवला. वरकस जमिनीत इथे नागली, म्हणजे नाचणी, पिकते, जवळजवळ सगळ्यांच्या घरात असते. सुगीनंतर घराघरातून शाळेला वानवळा येऊ लागला, कुणी पायलीभर, कुणी शेर-दोन शेर. नागली भिजवून, मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व करायला बायांना शिकवायची गरज नव्हती, बाळंतिणीच्या घरी ते होतच असतं. गूळ दुकानदाराने दिला. अर्थात साठा नोंदवहीत वानवळ्याचा रकाना नाही. मी तो शेवटच्या पानावर आखून घेतला.

परसबागेबद्दल फार लिहीत नाही, कारण तिच्याबद्दल आधीच खूप फोटो काढले गेले आहेत. आमच्या तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाण्यांची बँक उभी केली, त्यांना पद्मश्री मिळाली, त्यामुळे देशी वाल-घेवडा लावा असं सांगावं लागत नाही. बी शेजारपाजारूनच मिळालं. वेल कुंपणावर चढले, शेंगा आल्या, शेळ्याही आल्या. साठ मुलांना पुरेल एवढी भाजी शाळेच्या आवारात होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. महिन्यातून दोन-तीनदा खिचडीत पडते. पण स्वतः तोडलेली शेंग मुलं ताटात टाकून देत नाहीत. तेवढ्यासाठी ती ठेवावी.

या सगळ्याच्या वर मोबाइल. रोज किती मुलं जेवली ते त्याच दिवशी अ‍ॅपवर भरायचं. भरलं नाही तर त्या दिवसाचं इंधन-भाजीपाला धरलं जात नाही. नंतर भरायचं तर वरच्या लॉगिनकडे विनंत्या. पावसाळ्यात आमच्याकडे वीज आणि रेंज दोन्ही एकदमच जातात. शाळेवरच्या टेकाडावर देवळाच्या पायरीपाशी रेंज येते, म्हणून दुपारी छत्री घेऊन आमच्यातलं एक जण तिकडे जातं. खालचा वर्ग तेवढा वेळ पाचवीच्या मुली सांभाळतात. साडेबाराला ताट वाढलं गेलं याला साठ मुलं, दोन मावशी आणि चवीची वही साक्षीला असतात. पण ते खरं ठरतं देवळाच्या पायरीवर.

मे २०२५ पासून दर वाढले. प्राथमिकसाठी एकूण ६ रुपये ७८ पैसे, त्यात आमच्याकडे इंधन-भाजीपाल्याला अडीच रुपयांच्या थोडं पुढे. सिलिंडरही तेव्हापेक्षा उतरलेला आहे. त्यामुळे आता निम्मे दिवस गॅस पेटतो आणि भाजीला दिवसाला शंभराच्या पुढे राहतात. तीन किलो अजूनही भरत नाही, दोन भरते.

यंदाच्या समितीच्या बैठकीत पावसाळ्याच्या भाजीचा विषय पुन्हा निघाला. विहिरीवाल्या ताईंनीच तोड काढली की उन्हाळ्यात डांगर, म्हणजे लाल भोपळे, लावायचे. पावसाच्या आधी उतरवलेले पिकले डांगर कोरड्या जागी महिना-दोन महिने सहज राहतात, खिचडीत विरघळतात आणि मुलांना गोडसर लागतात. भाव ठरला, ठराव झाला, थोडे पैसे आम्ही दोघांनी आगाऊ दिले. प्रश्न ठेवायचे कुठे हा होता. किचनशेड गळतं, ऑफिसात दाखले आणि संगणक. शेवटी पहिलीच्या वर्गाच्या माळ्यावर फळ्या टाकायचं ठरलं आहे. फळ्या अध्यक्ष देणार आहेत, खिळे मी आणायचे आहेत, आणि उंदरांचं काय करायचं यावर पुढच्या महिन्यात बोलायचं आहे.